हरवलेल्या कडांवरच्या खाणी

महाराष्ट्रातल्या धातूंच्या खाणी नकाशावर ठिपक्यांनी दाखवल्या, तर जवळजवळ सगळे ठिपके राज्याच्या दोन टोकांना गोळा होतात. पूर्वेला नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतलं मँगनीज आणि गडचिरोलीतल्या सुरजागडचं लोहखनिज; दक्षिणेला सिंधुदुर्गात रेडी, आणि तिथून पुढे गोव्यातला डिचोली, सत्तरी, सांगे हा खाणपट्टा. मधल्या एवढ्या मोठ्या प्रदेशात, म्हणजे नाशिक, पुणे, सातारा, नगर, बीड, बुलढाणा या जिल्ह्यांत, धातूची म्हणावी अशी खाण नाही. कोल्हापूरकडचं बॉक्साइट हा अपवाद आहे, पण त्याचं कारण वेगळं आहे. त्याकडे पुढे येऊ.

मधे दख्खनचा काळा कातळ आहे, हे उत्तर शाळेतल्या मुलालाही देता येईल. पण त्याने अर्धाच उलगडा होतो. काळ्या कातळात, म्हणजे बसाल्टमध्ये, लोखंड वजनाने साधारण 10 टक्के असतं. तांबंही त्यात जगाच्या सरासरीहून कमी नाही, उलट थोडं जास्तच आहे. म्हणजे सह्याद्रीत धातू आहेत, पण खाणी नाहीत. खडकात धातू असणं आणि त्या धातूची खाण होणं यांच्यामध्ये फार मोठं अंतर आहे. ते अंतर कशाने कापलं जातं, हा या लेखाचा विषय.

आधी आकडे पाहू. भूकवचाच्या सरासरी खडकात तांबं दहा लाखांत 60 भागांच्या आसपास असतं. खाण चालवायची तर आजच्या काळातही ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास लागतं. म्हणजे निसर्गाने ते आधी ऐंशी-शंभर पट दाट करून ठेवलेलं असायला हवं. सोनं सरासरी खडकाच्या टनामागे काही मिलिग्रॅम असतं आणि खाणीला टनामागे काही ग्रॅम हवं, म्हणजे हजार पट. मँगनीज सरासरी खडकात सुमारे 0.1 टक्का, तर विदर्भातल्या चांगल्या खनिजात 40 टक्क्यांच्या घरात. लोखंडाची चढण त्यामानाने सोपी: 5 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर.

ही वाढ घडवून आणणारा मुख्य कामगार म्हणजे पाणी. जमिनीखाली काही किलोमीटर खोलवर तापलेलं, खारट, गंधकयुक्त पाणी खडकातून फिरतं, वाटेत धातूचे अणू विरघळवून घेतं आणि जिथे तापमान, दाब किंवा रसायन एकाएकी बदलतं तिथे ते टाकून देतं. काही ठिकाणी हे काम पाण्याऐवजी शिलारस करतो. दोघांनाही उष्णता लागते, वाट लागते आणि थांबण्याजोगी जागा लागते. यातली वाट सगळ्यांत दुर्मीळ. दहा किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचं ओझं इतकं असतं की भेगा मिटून जातात. त्या उघड्या राहायच्या तर कवच सतत ताणलं, दाबलं किंवा पिळलं जायला हवं, आणि हे घडतं भूपट्टांच्या कडांवर. एक पट्ट दुसऱ्याखाली जातो, दोन पट्ट एकमेकांवर आदळतात, किंवा एक पट्ट मधून फाटून त्याचे दोन होतात, अशा जागी.

म्हणून धातू कडांवर गोळा होतात. पण कडा ही धातूला फार धोक्याची जागा आहे. तिथे डोंगर उचलले जातात, झिजतात, समुद्रतळ गिळला जातो, आणि गोळा झालेलं सगळं काही कोटी वर्षांत पुन्हा विखुरलं जातं. भूखंडांचे शांत, जुने, जाड गाभे मात्र अब्जावधी वर्षं वस्तू सांभाळून ठेवतात, पण तिथे नवं काही फारसं तयार होत नाही. निर्माण एका जागी आणि सांभाळ दुसऱ्या जागी, अशी ही वाटणी आहे. भारतीय द्वीपकल्पाच्या बहुतेक खाणी या वाटणीच्या मधोमध उभ्या आहेत: एके काळी कडा असलेल्या आणि नंतर भूखंडाच्या पोटात गेलेल्या जागा.

चालू असलेली कड कशी दिसते हे पाहायला दक्षिण अमेरिकेत जायला हवं. पॅसिफिकच्या तळाचा नाझ्का नावाचा पट्ट वर्षाला 6 ते 7 सेंटीमीटर वेगाने त्या खंडाखाली शिरतो आहे. समुद्रतळाच्या खडकात पाणी मुरलेलं असतं, खनिजांच्या रचनेतच अडकलेलं. पट्ट साधारण 100 किलोमीटर खोल गेला की दाबाखाली ते पाणी पिळून बाहेर पडतं आणि वरच्या प्रावरणात शिरतं. पाणी शिरलं की प्रावरणाचा खडक कमी तापमानाला वितळतो. असा तयार झालेला शिलारस पाणीदार असतो, आणि त्यातच पुढच्या खाणीचं बीज असतं.

हा शिलारस वर येताना भूकवचाच्या तळाशी थांबतो, पुन्हा पाच-दहा किलोमीटर खोलीवर थांबतो, गार होऊ लागतो. त्यात स्फटिक धरू लागले की उरलेल्या रसात पाणी मावत नाही आणि ते क्लोरीन, गंधक आणि तांबं बरोबर घेऊन वेगळं होतं. वरच्या अंगाला त्याचा दाब वाढतो, खडक फुटतो, आणि शेकडो मीटर जाडीच्या खडकात बारीक भेगांचं जाळं पसरतं. तापमान 400 अंशांच्या आसपास उतरलं की त्या भेगांत चॅल्कोपायराइट हे तांब्याचं पिवळं खनिज बसतं. एकेक भेग नखाएवढ्या जाडीचीही नसेल, पण अब्जावधी टन खडकात अशा भेगा पसरल्या की जगातली सगळ्यांत मोठी तांब्याची खाण होते. जगातलं खाणींतून निघणारं जवळजवळ पाव तांबं एकट्या चिलीतून येतं, आणि ते बहुतांशी याच प्रकारच्या साठ्यांतून.

रिचर्ड सिलिटो या ब्रिटिश भूशास्त्रज्ञाने 1972 मधल्या एका लेखात या साठ्यांचा भूपट्टांच्या हालचालींशी संबंध जोडून दाखवला. भूपट्टांची कल्पना तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांची होती. तोवर खाणशास्त्र म्हणजे एकेका साठ्याचं बारीक वर्णन होतं. एक साठा चिलीत का आणि दुसरा फिलिपिन्समध्ये का, याला एकच कारण असू शकतं हे त्या लेखाने समोर ठेवलं. विसाव्या शतकातल्या भूशास्त्राच्या सगळ्यांत उपयोगी निबंधांत मी त्याची गणना करीन.

पण अँडीजची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. नाझ्का पट्ट तिथे कोट्यवधी वर्षं खाली जातो आहे, ज्वालामुखी हजारो किलोमीटरच्या रांगेत आहेत. मग मोठे साठे मोजक्या ठिकाणी आणि मोजक्या काळातच का झाले? चिलीच्या उत्तर भागातले चुकिकामाता आणि एस्कोंदिदा हे दोन राक्षसी साठे 4.3 ते 3.1 कोटी वर्षांपूर्वीच्या एकाच काळखंडातले आहेत आणि दोन्ही दोमेयको भ्रंशप्रणालीला, म्हणजे खडक सरकतो अशा मोठ्या भेगांच्या रांगेला, धरून आहेत. इग्नात्सी दोमेयको हा पोलिश खनिजशास्त्रज्ञ. त्याने आयुष्याचा मोठा भाग चिलीत घालवला. ही भ्रंशरेषा खंडाच्या किनाऱ्याला समांतर, उत्तर-दक्षिण धावते. त्या काळात कवच जोराने दाबलं जात होतं, जाड होत होतं. दाब असला की शिलारसाला सरळ वर येऊन ज्वालामुखीतून उधळून जाता येत नाही. तो खाली कोंडून राहतो, मुरतो, त्यातलं पाणी वाढत जातं. ज्वालामुखीतून बाहेर पडलेलं तांबं वातावरणात आणि राखेत विखुरतं, ते कोणाच्या उपयोगाचं नाही. कोंडलेला शिलारस मात्र जुन्या भ्रंशांच्या वळणांवर आणि छेदांवर जागा शोधून एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा घुसतो.

चुकिकामाताच्या खाणीत पश्चिम भ्रंश नावाची एक रेषा आहे. तिच्या पूर्वेला तांबं भरलेला खडक, पश्चिमेला जवळजवळ कोरा. साठा तयार झाल्यावर त्याच भ्रंशप्रणालीवर खडक पुढेही सरकत राहिला आणि साठ्याचा एक भाग तोडून पस्तीसेक किलोमीटर दूर घेऊन गेला असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ज्या भेगेने तांबं आणून दिलं तिनेच ते पुढे तोडलं.

शेवटचा हात अटाकामाच्या वाळवंटाने फिरवला. डोंगर उचलले गेले, वरचा खडक झिजला, क्वचित पडणाऱ्या पावसाचं पाणी वरच्या थरातलं तांबं विरघळवून खाली झिरपलं आणि भूजलपातळीशी चॅल्कोसाइटच्या रूपाने त्याचा दाट थर बसला. पाऊस आणखी कमी झाल्यावर झीजही थांबली आणि तो थर जसाच्या तसा राहिला. पाऊस जास्त असता तर हा समृद्ध थर वाहून गेला असता. डोंगर आणि वाळवंट दोन्ही त्याच कडेची देणगी आहे, कारण अँडीजची भिंतच पूर्वेकडचे ढग अडवते.

इथे साहजिकच हिमालय आठवतो. भूपट्टांची एवढी मोठी टक्कर आपल्या दारात झाली, मग हिमालयात तांब्याच्या अशा खाणी का नाहीत? कारण खाली जाणारा पट्ट आपला होता. भारताच्या पुढे असलेला टेथिस समुद्राचा तळ तिबेटखाली गेला, त्याचं पाणी तिबेटखालच्या प्रावरणात शिरलं, आणि शिलारसही तिकडेच वर आला. दक्षिण तिबेटमध्ये ल्हासाच्या आसपास चुलोंगसारखे तांब्याचे मोठे साठे आहेत. ते टक्कर होऊन गेल्यावर, दीड-पावणेदोन कोटी वर्षांपूर्वी, त्याच जुन्या मुरलेल्या सामग्रीतून तयार झाले. आपल्या बाजूला आली ती मुख्यतः चुरगाळलेल्या गाळाची आणि जुन्या खडकाची थप्पी.

सोन्याची रीत निराळी आहे. कोलार आणि हट्टी, ही कर्नाटकातली दोन नावं सोन्याशी जोडलेली. हट्टी रायचूर जिल्ह्यात आहे आणि देशात खाणीतून निघणारं बहुतेक सोनं आज तिथूनच येतं. कोलारची खाण 3 किलोमीटरहून खोल गेली होती. 2001 मध्ये ती बंद झाली. (त्या खोल बोगद्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये वातावरणातल्या न्यूट्रिनोंची चाहूल टिपली होती, खाणीचा असाही उपयोग झाला हे सांगायला मला आवडतं.) दोन्ही ठिकाणं धारवाड गाभ्यातल्या हिरवट अग्निजन्य खडकांच्या अरुंद पट्ट्यांत आहेत. सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वी कवचाचे लहान लहान तुकडे एकमेकांवर आदळून तिथे एक मोठा, जाड गाभा तयार होत होता. समुद्रतळाचा खडक दोन तुकड्यांच्या मधे सापडून दाबला, तापवला गेला आणि त्याच्या खनिजांतलं पाणी बाहेर पडलं. या पाण्यात कर्बवायू आणि गंधक होतं, आणि गंधकाशी जोडी जमली की सोनं पाण्यात विरघळतं.

मग ते पाणी वर कसं आलं? न्यूझीलंडचे रिक सिबसन यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर 1988 मध्ये याचं जे स्पष्टीकरण मांडलं ते मला या सगळ्या विषयातलं सगळ्यांत देखणं वाटतं. टक्कर होत असताना कवचात तीव्र उताराचे भ्रंश असतात. खालून येणारं पाणी त्यांच्या पायथ्याशी अडतं, दाब वाढत जातो. वरच्या खडकाच्या ओझ्याइतका दाब झाला की भ्रंश एकदम सरकतो: भूकंप होतो. भेग उघडते, पाणी उसळून वर जातं, दाब कोसळतो. दाब कोसळला की पाण्याला सोनं धरून ठेवता येत नाही. गारगोटी आणि सोनं भेगेच्या भिंतींवर बसतं. गारगोटीने भेग बुजते, आणि खाली पुन्हा दाब चढू लागतो. स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्टीसारखं हे चालतं, फक्त दोन शिट्ट्यांमध्ये दहा, शंभर किंवा हजार वर्षं जातात. खाणीत गारगोटीची शिरा नीट पाहिली तर तिच्यात पातळ थरांवर थर दिसतात, आणि अनेक थर अशा एकेका हिसक्याची नोंद असतात. पुढे 2013 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी गणिताने दाखवलं की भेग उघडते त्या क्षणी दाब इतका झपाट्याने पडतो की पाण्याची तिथल्या तिथे वाफ होते. एका मध्यम भूकंपातही सोनं खाली टाकलं जाण्यासाठी तेवढं पुरतं.

सोनं सहसा मुख्य भ्रंशात सापडत नाही. शेकडो किलोमीटर लांबीची मोठी भेग ही पाण्याची वाहती वाट असते; तिच्यातून सगळं निघून जातं. सोनं अडकतं ते तिला फुटलेल्या लहान फाट्यांत, वळणांवर, किंवा टणक आणि मऊ खडकाच्या सीमेवर. शोध घेणारे लोक म्हणूनच आधी मोठी भेग नकाशावर काढतात आणि मग तिच्यापासून बाजूला सरकून काम सुरू करतात.

जस्त आणि शिशाचं नातं ताणाशी आहे. राजस्थानात उदयपूरजवळचं झावर आणि भिलवाडा जिल्ह्यातलं रामपुरा आगुचा ही याची आपली उदाहरणं. झावरमध्ये मध्ययुगातच मातीच्या मुशींतून जस्ताची वाफ काढून धातू मिळवत. जगात इतक्या मोठ्या प्रमाणावर जस्त काढण्याचा तो पहिला उद्योग मानला जातो. पावणेदोनशे कोटी वर्षांच्या आसपास अरवलीच्या प्रदेशात कवच ताणलं जाऊन लांबट खोलगट भाग झाले, त्यांत समुद्र शिरला, गाळ साचला. खारं पाणी गाळातून खाली मुरलं, तापलं, जस्त-शिसं घेऊन कडेच्या भ्रंशांतून वर आलं, आणि सेंद्रिय काळ्या चिखलातल्या गंधकाशी गाठ पडताच धातू तिथेच बसला. मार्क हॉगर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये जगभरातले गाळातले असे साठे एका नकाशावर मांडले. त्यांतले सुमारे 85 टक्के साठे जाड शिलावरणाच्या काठापासून 200 किलोमीटरच्या आत निघाले. खंडाचा जाड गाभा जिथे पातळ होत जातो तिथेच तो फाटतो, आणि फाटला तरी शेजारचा गाभा पुढे सगळं सांभाळतो. निर्माण आणि सांभाळ या दोन गोष्टी शेजारी शेजारी राहण्याची ही दुर्मीळ जागा.

आता विदर्भ. नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने निघालं की रामटेकच्या फाट्यापाशी मनसर लागतं. मनसर, कांद्री, गुमगाव, तुमसर तालुक्यातलं चिखला, डोंगरी बुजुर्ग, आणि पुढे मध्य प्रदेशातलं भरवेली: मँगनीजच्या खाणींची ही माळ छिंदवाड्यापासून बालाघाटपर्यंत धनुष्यासारखी वाकत दोनशे किलोमीटरच्या आसपास पसरली आहे. खाणी आता मॉइल ही नागपूरची सरकारी कंपनी चालवते. इथलं खाणकाम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचं आहे. लुईस ली फर्मोर या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या इंग्रज भूशास्त्रज्ञाने हा पट्टा पायाखाली घातला आणि 1909 मध्ये भारतातल्या मँगनीजवर प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. इथल्या मँगनीजयुक्त गार्नेट आणि गारगोटीच्या खडकाला त्याने या भूमीतल्या गोंड लोकांवरून गोंडाइट हे नाव दिलं, आणि जगभरच्या पुस्तकांत तेच चालतं.

हा धनुष्याकार पट्टा म्हणजे एक सांधा आहे. उत्तरेला बुंदेलखंडाचा गाभा, दक्षिणेला बस्तरचा गाभा. मधे एके काळी समुद्र होता. त्या समुद्राच्या खोल, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात मँगनीज विरघळून राहत असे. ते पाणी किनाऱ्यालगतच्या उथळ, प्राणवायूयुक्त भागात आलं की मँगनीजचे ऑक्साइड तळाशी बसत. वाळू, चिखल आणि चुन्याच्या थरांमध्ये मँगनीजचे पातळ थर, एवढंच तेव्हा होतं. नंतर दोन्ही गाभे जवळ आले, समुद्र मिटला, आणि सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या रेट्यात हे सगळे थर पाच-सहाशे अंश तापून, घडीवर घडी पडून, उभे राहिले. चिखलाचा शिस्ट झाला, चुन्याचा संगमरवर झाला, मँगनीजचं ब्राउनाइट आणि इतर कठीण खनिजं झाली.

खाणीतल्या माणसाला या घड्या रोज भेटतात. थर दाबला जातो तेव्हा घडीच्या बाजूंवरचा माल पातळ होतो आणि वळणात गोळा होतो. एकाच थराची जाडी एका ठिकाणी पुरुषभर आणि थोड्या अंतरावर कितीतरी पट, असं होतं ते यामुळे. थर संपला असं वाटून काम थांबवायचं, की तो वळून खाली गेला आहे असं धरून बोगदा पुढे न्यायचा, हा निर्णय घडीची दिशा ओळखता येण्यावर असतो. टक्करीने इथे मँगनीज नव्याने आणलं नाही. होतं ते तिने दुमडून, जाड करून, आणि दोन गाभ्यांच्या मधे घट्ट धरून आपल्यापर्यंत पोचवलं.

याच बस्तर गाभ्याच्या अंगाखांद्यावर सुरजागड आणि छत्तीसगडचं बैलाडिला आहे. लोहखनिजाचे हे थर 250 कोटी वर्षांच्या आसपासचे किंवा त्याहून जुने. त्या काळच्या समुद्रांत विरघळलेलं लोखंड भरपूर होतं आणि ते शांत, विस्तृत उथळ तळांवर बसलं. त्यानंतर गाभा हलला नाही म्हणून ते उरलं. विदर्भाच्या औद्योगिक इतिहासातली एक रुखरुख याच रचनेतून आलेली आहे. चंद्रपूर जिल्ह्यात लोहारा इथे चांगलं लोहखनिज आहे असं 1882 च्या एका अहवालात जमशेदजी टाटांनी वाचलं होतं, आणि जवळच वरोऱ्याला कोळसा होता. पण तो कोळसा लोखंड गाळायच्या कामाचा निघाला नाही. पुढे त्यांचे पुत्र दोराबजी यांना नागपूरच्या संग्रहालयातल्या भूशास्त्रीय नकाशावर दल्ली-राजहराच्या लोहटेकड्या दिसल्या, ज्यांची नोंद भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी 1887 मध्ये केली होती. तिथेही योग्य कोळसा हाताशी नव्हता. कारखाना अखेर गेला सिंहभूममध्ये, साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला. लोखंड आणि कोळसा हे पृथ्वीच्या दोन अगदी वेगळ्या काळांतले: लोखंड गाभ्यांवरचं, कोळसा 25-30 कोटी वर्षांपूर्वीच्या गोंडवन खचदऱ्यांतला. या खचदऱ्या जुन्या सांध्यांवरच फाटल्या. प्राणहिता-गोदावरीची दरी बस्तर आणि धारवाड गाभ्यांच्या मधल्या सांध्यावर आहे, दामोदरची दरी सिंहभूमच्या उत्तरेला. दामोदरच्या कोळशातून लोखंड गाळायला लागणारा कोक होत असे, वर्धा खोऱ्यातल्या कोळशातून होत नसे. टाटांचा पोलाद कारखाना विदर्भात न होण्याचं मोठं कारण हे.

दख्खनच्या कातळाकडे येऊ. सैबेरियात 25 कोटी वर्षांपूर्वी असाच, किंबहुना याहून मोठा लाव्हा ओतला गेला. त्या प्रदेशाच्या वायव्य टोकाला नोरिल्स्क आहे, निकेल आणि पॅलेडियमचा जगातला एक प्रचंड साठा. मग 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या आपल्या लाव्हाखाली नोरिल्स्क का नाही? नोरिल्स्कमध्ये शिलारस सैबेरियाच्या गाभ्याच्या काठावरच्या एका मोठ्या भ्रंशाला धरून वर आला, आणि वाटेत त्याला अ‍ॅनहायड्राइट, म्हणजे गंधकयुक्त क्षारांचे, जाड थर आणि कोळसा लागला. त्यांतलं गंधक घेतल्यावर शिलारसात गंधकाचे जड थेंब वेगळे झाले, निकेल, तांबं आणि पॅलेडियम त्यांत ओढलं गेलं, आणि ते थेंब तळाशी साचले. आपल्याकडे कोयनेच्या भूकंपक्षेत्रात 3 किलोमीटरचं विवर घेतलं तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटरवर बसाल्ट संपला आणि खाली थेट ग्रॅनाइट व नाइस लागला. अशा खडकातून वर येताना शिलारसाला गंधक फारसं मिळत नाही. त्यातले धातू त्याच्यातच विखुरलेले राहतात आणि सपाट थर होऊन गोठतात. काळ्या कातळात तांबं असूनही खाण का नाही, याचं मला पटणारं कारण हेच.

तरीही या कातळाने नंतर दोन गोष्टी दिल्या, त्याही कवच उचललं गेल्यामुळे. पश्चिम कडा उंचावली, पठाराचं पाणी जोराने निथळू लागलं, भूखंड उत्तरेकडे सरकत उष्ण पावसाच्या पट्ट्यांतून गेला, आणि राधानगरी-शाहूवाडीच्या सड्यांवर बसाल्टमधलं इतर बहुतेक सगळं धुऊन जाऊन अ‍ॅल्युमिनियमचं बॉक्साइट उरलं. कड्याखाली रत्नागिरीच्या किनाऱ्यावर त्याच कातळातून सुटलेलं टायटॅनियमचं इल्मेनाइट काळ्या वाळूच्या रूपात साचलं.

तांब्याचा आपला सगळ्यात मोठा साठा मात्र गोंदियापासून फार दूर नाही. बालाघाट जिल्ह्यातलं मलांजखंड. ग्रॅनाइटच्या मोठ्या पिंडात गारगोटीची आणि चॅल्कोपायराइटची दाट जाळी, वय सुमारे 250 कोटी वर्षं. काही अभ्यासकांच्या मते हा चिलीच्या साठ्यांचाच अतिप्राचीन भाऊबंद आहे: बस्तर गाभ्याच्या एका काठाखाली तेव्हा समुद्रतळ जात होता. सगळ्यांना हे मान्य नाही, पण मान्य केलं तर आश्चर्य आणखी वाढतं. अशा प्रकारचे साठे जमिनीखाली दोन ते पाच किलोमीटरवर, उंच उचलल्या जाणाऱ्या डोंगरांत तयार होतात. जगातले बहुसंख्य साठे दहा कोटी वर्षांच्या आतले आहेत, कारण त्याहून जुने डोंगरांबरोबर झिजून गेले. मलांजखंड वाचलं ते लवकर एका गाभ्यात सामावलं गेल्यामुळे आणि त्या गाभ्याने नंतर फारसं डोकं वर न काढल्यामुळे.

आणि ज्या कडा आज चालू आहेत? 1979 मध्ये मेक्सिकोच्या पश्चिमेला, अडीच किलोमीटरहून खोल पाण्यात, ॲल्विन या पाणबुडीतल्या शास्त्रज्ञांना समुद्रतळावर काळा धूर सोडणाऱ्या चिमण्या दिसल्या. समुद्राचं पाणी तिथे फाटत्या कवचात शिरतं, 350 अंशांहून जास्त तापतं, आणि तांबं, जस्त, लोह घेऊन वर फेकलं जातं. थंड पाण्याशी गाठ पडताच त्या धातूंचे गंधकयुक्त कण काळ्या धुरासारखे बाहेर पडतात. हिंदी महासागराच्या तळावरच्या डोंगरकण्यावरही अशा जागा आहेत. भारताने 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी करार करून तिथल्या 10,000 चौरस किलोमीटर क्षेत्रात शोधाचे हक्क घेतले. डिसेंबर 2024 मध्ये वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने आणि चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने 4,500 मीटर खोलीवर एका चालू उष्ण झऱ्याची छायाचित्रं मिळवली. या झऱ्यांभोवती सूर्यप्रकाशाशिवाय जगणारे, दुसरीकडे कुठेच न आढळणारे जीव आहेत, म्हणून तिथे यंत्रं उतरवण्याआधी फार थांबून विचार व्हावा असं मला मनापासून वाटतं.

या चिमण्यांपैकी बहुतेक टिकणार नाहीत. समुद्रतळ दोन-अडीचशे कोटी वर्षं उघडा राहत नाही. वीस कोटी वर्षांच्या आत तो कुठल्या ना कुठल्या खंडाखाली जातो, आणि चिमण्यांतला धातू त्याच्याबरोबर. क्वचित एखादा तुकडा खाली जाण्याऐवजी खंडाच्या काठावर चढतो. सायप्रसच्या त्रूदोस डोंगरात सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वीचा असा समुद्रतळ जमिनीवर आला आहे, आणि कांस्ययुगापासून भूमध्य समुद्राभोवतीच्या लोकांना तिथून तांबं मिळत आलं आहे.